चौथीनंतर हायस्कूल की गावातलीच पाचवी?

प्रश्न : गावची जिल्हा परिषद शाळा पाचवीपर्यंत आहे, पाच वर्गांना शिक्षक दोन. तालुक्याच्या हायस्कुलात पाचवीपासून प्रवेश मिळतो, अंतर आठ किलोमीटर. मुलगी चौथीत आहे. पाचवीला हलवावी की सहावीला?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : हा पेच दोन मांडण्यांमुळे पडतो. महाराष्ट्रात पूर्वीपासून प्राथमिक चौथीपर्यंत धरत, म्हणून पुष्कळ हायस्कुलांचा पहिला वर्ग पाचवीचा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक पाचवीपर्यंत नेली आणि सहावी ते आठवी वेगळी काढली. अभ्यासाचा खरा सांधाही सहावीलाच बदलतो. राज्य मंडळाच्या पाचवीत हिंदी नवी येते, पण परिसर अभ्यास असतोच. विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल अशी वेगवेगळी पुस्तके सहावीत हाती पडतात. त्यामुळे एक वर्ष गावात काढले तर मुलगी मागे पडेल, ही भीती सोडा.

मात्र ते वर्ष कसे जाईल हे शाळेत जाऊन पाहा. कायद्यानुसार पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे तुमच्याकडे एका गुरुजींकडे दोन-तीन वर्ग असणार. पाचवी पहिली-दुसरीबरोबर बसत असेल, तर गुरुजींचा वेळ लहानांच्या अक्षरओळखीत जातो आणि पाचवीची मुले फळ्यावरची गणिते उतरवत राहतात. तिसरी-चौथीबरोबर बसत असेल तर निभते. पाचवीत चार-सहाच मुले उरणार असतील, तर मात्र आम्ही हायस्कूलच सुचवू.

नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी जवाहर नवोदय विद्यालयाचा, विचार असेल तर गणित बदलते. सहावीच्या या प्रवेशात किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण व्हावी लागतात. त्यातला एक दिवसही शहरी हद्दीतल्या शाळेत गेला तर मूल शहरी धरले जाते. तुमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिका किंवा नगरपंचायत असेल, तर पाचवी गावातच करा. पुष्कळांना हे अर्ज भरताना कळते.

सहावीला हलवायचे ठरले, तर त्या हायस्कुलात सहावीला जागा राहतात का, हे आत्ताच विचारा. पाचवीलाच तुकड्या भरत असतील तर वर्षभर थांबणे महागात पडेल. प्रवासाचे म्हणाल, तर पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. पण शाळा सुटल्यावरची पहिली गाडी किती वाजता, हे स्टँडवर स्वतः उभे राहून पाहा. दहा वर्षांच्या मुलीने स्टँडवर दीड तास बसणे हा पाससुद्धा न सोडवणारा प्रश्न आहे.

प्रश्न : शाळा सोडल्याचा दाखला काढताना काय पाहावे? जुनी शाळा दाखला लवकर देत नसेल तर?
– एक आई, बीड

उत्तर : दाखला जनरल रजिस्टरवरून लिहितात, म्हणून आधी रजिस्टरमधली नोंद वाचा. मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासह, जात आणि पोटजात. चूक असेल तर मूल पटावर असतानाच दुरुस्तीचा अर्ज द्या. नाव एकदा कमी झाले की तीच दुरुस्ती फार किचकट होते. प्रवेश-निर्गम उताराही (याच रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल) मागून ठेवा; पुढे जात पडताळणीला पहिल्या शाळेचीच नोंद विचारतात.

दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षणहक्क कायद्याचे कलम 5 तसे सांगते. आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेण्यासही मनाई आहे. कागदाइतकीच ऑनलाइन नोंद महत्त्वाची. नवी शाळा शिक्षण विभागाच्या पोर्टलवर विनंती पाठवते, जुनी ती मान्य करते. हे रेंगाळले तर मूल नव्या वर्गात बसते आणि नाव जुन्याच पटावर राहते. जूनअखेर नव्या शाळेत एकदा विचारून या.

प्रश्न : मुलगा वाचनात कच्चा आहे. चौथी पुन्हा करवून घ्यावी का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : चौथीत मागे ठेवता येत नाही. पाचवीला मात्र वार्षिक परीक्षा आहे. त्यात आणि नंतरच्या फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात राहावे लागते. म्हणून उन्हाळ्याची सुट्टी वापरा. रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचन, तेही तिसरीच्या पुस्तकापासून, म्हणजे अडखळणार नाही. सोबत हातच्याची वजाबाकी आणि एकअंकी भागाकार. हायस्कुलात दर तासाला शिक्षक बदलतात आणि फळा पुसला जातो, त्यामुळे फळ्यावरून भराभर उतरवता न येणारी मुले तिथे सगळ्यात आधी मागे पडतात. घरी पाच ओळी लिहून द्या, घड्याळ लावा आणि उतरवून घ्या.