लॅव्हेंडरचे पारंपरिक उपयोग कोणते, आणि ते आयुर्वेदिक आहे का?

झोप, केस आणि चेहरा यांसाठी लॅव्हेंडर पूर्वीपासून कसे वापरत आले, आणि बाटलीवर छापतात त्याप्रमाणे ते खरोखर आयुर्वेदिक आहे का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात गेली काही वर्षे घरीच साबण करते व त्यानिमित्ताने हे तेल सतत हाताळते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: नाही. ही झुडुपे भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगरांतली. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ती नाहीत.

आपल्याकडे आले ते युनानी वैद्यकातून, आणि तेही या कुळातले दुसरेच झाड. रविवार पेठेतल्या एका काष्ठौषधींच्या दुकानात मी लॅव्हेंडरची सुकी फुले मागितली, तेव्हा दुकानदारांनी उस्तुखुद्दूसची, म्हणजे याच दुसऱ्या झाडाची, पुडी काढून दिली. हकीम ते डोकेदुखी आणि जुनाट सर्दीवर इत्रिफलात, म्हणजे त्रिफळ्याच्या युनानी पाकात, घालून देतात. त्याला कापरासारखा उग्र वास असतो. उशीत भरायला घेतले तर निराशा होईल. याच कुळातली एक रानटी जात, पिसासारख्या कातरलेल्या पानांची, पावसाळा सरताना सह्याद्रीच्या उघड्या टेकड्यांवरही फुलते, पण बाजारातल्या तेलाशी तिचा संबंध नाही.

युरोपात मात्र औषधाबरोबरच लॅव्हेंडरचा मोठा उपयोग धुण्याचा आणि कपड्यांचा होता. ‘धुणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हे नाव पडले असे सर्वसाधारणपणे मानतात. आपण ट्रंकेत रेशमी साड्यांबरोबर वेखंड ठेवतो, त्याच हेतूने तिथल्या बायका कसर लागू नये म्हणून वाळलेल्या फुलांच्या पुरचुंड्या कपड्यांत ठेवत. कपड्यांसाठी मला हा उपयोग आजही डांबरगोळ्यांपेक्षा सरस वाटतो.

झोपेसाठी उशीत फुले भरणे किंवा फुलांचा काढा घेणे हीदेखील जुनी पद्धत आहे, आणि तिला थोडाफार आधार आहे. तेलातील लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट हे मुख्य घटक शांतता आणणारे मानले जातात, व जर्मनीत अस्वस्थतेवर ८० मिलिग्रॅम तेलाची कॅप्सूल औषध म्हणून मिळते. याचा अर्थ बाटलीतले तेल दुधात टाकून प्यावे असा मुळीच नाही, कारण ती कॅप्सूल ठरावीक प्रतीच्या तेलाची, मोजून केलेली असते, आणि सुगंधी तेल पोटात गेल्यास, विशेषतः लहान मुलांना, विषबाधा होऊ शकते.

केसांच्या बाबतीत १९९८ साली स्कॉटलंडमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चाई पडलेल्या ८६ रुग्णांपैकी काहींनी सात महिने रोज तेलांची मालिश केली आणि त्यांच्यात निम्म्याच्या आसपास लोकांना फरक पडला. मात्र ते मिश्रण थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि देवदाराच्या जातीचे लाकूड अशा चार तेलांचे होते, त्यामुळे श्रेय एकट्या लॅव्हेंडरला देता येत नाही, आणि साध्या केसगळतीला तर तो अभ्यास लागूच होत नाही.

त्वचेविषयीची प्रसिद्ध गोष्ट फ्रेंच रसायनतज्ज्ञ गातफोसे यांची आहे. १९१० साली प्रयोगशाळेत त्यांचे हात भाजले आणि पुढे जखमा चिघळल्या, तेव्हा लॅव्हेंडरच्या तेलाने गुण आला असे त्यांनी नोंदवले. भाजल्याबरोबर त्यांनी हात तेलाच्या पिंपात बुडवला, ही नंतरची मीठमिरची. म्हणून भाजलेल्या जागी हे तेल ओतू नये, वाहते गार पाणीच धरावे.

चेहऱ्याला ते कधीही नुसते लावू नका. मी एकदा कोपरावर तसेच लावले आणि आठवडाभर पुरळ मिरवले. ३० मिलिलिटर खोबरेल किंवा बदाम तेलात १० ते १२ थेंब एवढे शरीरासाठी पुरते, चेहऱ्यासाठी त्याच्याही निम्मे, आणि आधी हाताच्या आतल्या बाजूस लावून दिवसभर वाट पाहावी. उघडलेली बाटली जुनी झाली की हवेने लिनॅलूल बदलते व त्याची ॲलर्जी येण्याची शक्यता वाढते, म्हणून ती गार, अंधाऱ्या जागी ठेवावी आणि लहानच घ्यावी. बाटलीवर ‘लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया’ हे खऱ्या लॅव्हेंडरचे शास्त्रीय नाव आहे का, तेवढे पाहा. नुसते ‘लॅव्हेंडर फ्रेग्रन्स’ लिहिले असेल तर तो केवळ वास असतो.