डबलहेडर दोन्ही हरलो, तर चिडायचं कुणावर?

तुमच्या बेसबॉल संघाच्या डबलहेडरवरची, म्हणजे एकाच दिवशी लागोपाठ झालेल्या दोन सामन्यांवरची, पोस्ट वाचून राहवलं नाही. शुक्रवारचा सामना नऊपैकी दोन इनिंग झाल्यावर पावसाने थांबला, शनिवारी तो तिसऱ्या इनिंगपासून पुढे खेळवला आणि दहाव्या इनिंगला 5-4 ने गेला. पाठोपाठ सात इनिंगचा दुसरा सामना, तोही 6-2 ने गेला. वर शुक्रवारचं तिकीट गेटवर चाललं नाही. तुम्ही सगळं मॅनेजरच्या डोक्यावर फोडलंय. राग रास्त आहे, पण पत्ता चुकलाय.

डबल-ए म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीगच्या खालची दुसऱ्या पायरीची मायनर लीग, एवढंच; बाकी प्राथमिक गोष्टी सांगत बसत नाही, तुम्ही नियमित जाणारे दिसताय.

तुमचा मुख्य आक्षेप असा की दुसऱ्या सामन्यात 2-1 ने पुढे असताना, पाचव्या इनिंगला दोन आउट झाल्यावर (तीन झाले की इनिंग संपते) स्टार्टरला, म्हणजे पहिल्यापासून चेंडू टाकणाऱ्या पिचरला, काढलं. सामना सात इनिंगचा असला तरी स्टार्टरच्या नावावर विजय लागायला पाच इनिंग पूर्ण लागतात, म्हणजे पोरगा एका आउटने हुकला. वाईट वाटणारच. पण हा निर्णय बहुतेक वेळा डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावर, होतच नाही. खेळाडू, मॅनेजर, पिचिंग कोच हे सगळे वरच्या मेजर लीग संघाचे पगारी. स्थानिक क्लबाकडे मैदान, तिकिटं, खाणंपिणं आणि फटाके. कोणी किती चेंडू टाकायचे तो आकडा वरून येतो, आणि त्यात 'एकच आउट राहिलाय' याला किंमत नसते. पडताळून बघायचं असेल तर बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यात, पी-एस नावाचा रकाना बघा: आधी टाकलेले चेंडू, मग त्यातले स्ट्राइक. त्याच पिचरचे आधीचे तीन सामने शेजारी मांडा. 74, 77, 75 असे आकडे दिसले की समजायचं, मर्यादा ठरलेली आहे. एखाद्या दिवशी 76 वर आणि एखाद्या दिवशी 95 वर काढलं असेल, तर मात्र मॅनेजरला जाब विचारा, माझी हरकत नाही.

आता खरं गणित बघा. 2021 पासून मायनर लीगमध्ये मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी, असा आठवडा चालतो. सहा दिवस, सहा स्टार्टर, प्रत्येकाची आठवड्यातून एक पाळी. शुक्रवारी पहिला चेंडू पडायच्या आधीच पाऊस आला असता तर बिघडलं नसतं. शुक्रवारचा आणि शनिवारचा, दोन्ही स्टार्टर शनिवारी हाताशी असते आणि सात-सात इनिंगचे दोन सामने आरामात निघाले असते. पण सामना सुरू होऊन थांबला, म्हणजे शुक्रवारचा स्टार्टर दोन इनिंगमध्ये खर्ची पडला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा राहणार नाही. शिवाय अर्धवट राहिलेला नऊ इनिंगचा सामना नऊचाच पूर्ण होतो. सातची सवलत फक्त दुसऱ्याला. म्हणजे शनिवारी तुमच्या संघाला पहिल्यात तिसरी ते दहावी अशा आठ आणि दुसऱ्यात सात, एकूण पंधरा इनिंग टाकायच्या होत्या. स्टार्टरने चार इनिंग आणि दोन आउट काढले. उरलेल्या दहा इनिंग आणि एक आउट बुलपेनच्या, म्हणजे स्टार्टरनंतर येणाऱ्या रिलीव्हर पिचरच्या, गळ्यात. डबल-एच्या 28 जणांच्या यादीत साधारण आठ-नऊ रिलीव्हर असतात, त्यातले गुरुवारी टाकलेले दोघे-तिघे पूर्ण ताजे नसणार. शिवाय या पातळीवर रिलीव्हरला लागोपाठच्या दिवशी सहसा टाकू देत नाहीत, म्हणून रविवारसाठीही काही जण राखावे लागतात. सहाव्या इनिंगला जो आला त्याला चार रन पडले, कारण त्या घडीला दुसरं कोणी शिल्लकच नव्हतं. कृपया त्या पोराला कुंपणापाशी जाऊन शिव्या घालू नका. 2023 च्या करारानंतर कुठे डबल-एच्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार 30,250 डॉलर झाला, त्याआधी तो 13,800 होता.

दहाव्या इनिंगबद्दल: जादा इनिंगच्या सुरुवातीला दुसऱ्या बेसवर आयता रनर ठेवण्याचा नियम मायनरमध्ये 2018 पासून आहे. घरच्या संघाने बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच पुढ्यात टाकून, त्याला तिसऱ्यावर न्यायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं मलाही पटतं. पण इथे बॅटरला बंट शिकवण्यापेक्षा खरा स्विंग मारायला लावण्यात वरच्यांना जास्त रस असतो. चाहत्याच्या दृष्टीने हे संतापजनकच आहे.

अर्धवट सामन्याची एक गंमत, माहीत असू द्या. शुक्रवारी बाहेर काढलेला खेळाडू पुढच्या भागात परत येऊ शकत नाही, पण शुक्रवारी संघात नसलेला नवा माणूस खेळू शकतो. 2024 मध्ये मेजर लीगमधला कॅचर डॅनी जॅन्सन असाच एका थांबलेल्या सामन्यात आधी टोरांटोकडून आणि दोन महिन्यांनी बोस्टनकडून खेळला, एकाच सामन्यात दोन्ही बाजूंनी! तेव्हा शनिवारी अनोळखी नाव दिसलं म्हणून फलक चुकला असं समजू नका.

आता तिकिटाचं, कारण खरं नुकसान इथे होतं. (मी वकील नाही आणि कुठल्या क्लबाचा माणूसही नाही, प्रत्येक ठिकाणचा नियम निराळा, तिकिटाच्या अटी वाचाच.) डबलहेडर बहुतेक वेळा एकाच तिकिटावर असतं, पण ते तिकीट शनिवारचं. शुक्रवारचं तिकीट आपोआप चालेल असं धरून गेटवर जाणं ही सगळ्यात महागडी चूक. आमच्या इथल्या एका मैदानाचं तिकीट ऑफिस, नाव घेत नाही, तर कमालच करतं. आधी म्हणतात, सामना सुरू झाला होता म्हणून बदलून मिळणार नाही. पाच इनिंग झाल्या नव्हत्या, म्हणजे सामना ग्राह्यच नव्हता, हे दाखवलं की म्हणतात, तो शनिवारी पूर्ण झाला. मग शनिवारी आत सोडा म्हटलं तर, हे शुक्रवारचं तिकीट आहे! एकाच सामन्याचे दोनदा पैसे घ्यायचे आणि वर काचेमागून हसून 'हॅव अ ग्रेट डे'. फोन केला तर व्हॉइसमेल, उलट फोन कधीच नाही.

म्हणून पाऊस आला की त्याच रात्री, घरी पोचायच्या आधी, ईमेल टाका. ऑर्डर नंबर, सेक्शन, रो, सीट, सामना कितव्या इनिंगला थांबला ते, आणि बदलून हव्या असलेल्या दोन तारखा. फोनवर बोलू नका, लेखी ठेवा. रीसेल ॲपवरून घेतलेलं तिकीट बरेच क्लब फक्त मूळ खरेदीदारालाच बदलून देतात, त्यामुळे ढगाळ आठवड्यात रीसेलचा मोह टाळा. सर्व्हिस फी आणि पार्किंगचे पैसे सहसा गेलेच समजा. मराठी मंडळाच्या सहलीसाठी ग्रुप तिकिटं काढली असतील तर ती एकाच माणसाच्या खात्यावर असतात. प्रत्येकाने खिडकीवर रांग लावून उपयोग नाही, त्या एकालाच सगळ्यांची एकत्र बदलून घेऊ द्या.

हे दोन पराभव किती महाग, ते महिन्यावर आहे. डबल-एचा 138 सामन्यांचा हंगाम दोन भागांत मोडतो आणि प्रत्येक भागाचा विजेता प्लेऑफला जातो. एप्रिलमध्ये हे विसरा. जूनच्या मध्यावर, पहिला भाग संपत आला असताना, एका दिवसात दोन गमावणं मात्र खरोखर झोंबतं.

रविवारी जावं का, असं विचारलंय. सकाळी ट्रान्झॅक्शनचं पान, म्हणजे संघात कोण आलं-गेलं त्याची यादी, बघा. हाय-ए, म्हणजे डबल-एच्या खालच्या पायरीवरून, एखादा पिचर वर बोलावला असेल तर जायला हरकत नाही. कोणीच आलं नसेल, तर बुलपेन रिकामं आहे आणि स्टार्टर चौथ्या इनिंगला ढेपाळला की शनिवारचीच पुनरावृत्ती. मी तरी शुक्रवारचं तिकीट रविवारसाठी बदलून मागणार नाही. पुढच्या घरच्या मालिकेतला मंगळवार किंवा बुधवार मागा. सोमवारच्या सुट्टीने सगळ्या पिचरचे हात ताजे असतात, आणि आठवड्याच्या मध्यात गर्दी नसल्याने खिडकीवाल्यांना 'जागा नाही' म्हणायला तोंड राहत नाही. जागा निवडता आली तर तिसऱ्या बेसच्या बाजूची घ्या. बहुतेक मैदानांत संध्याकाळी सावली तिथे आधी येते.