ती लिहून घेत नव्हती

“माझं वय निघून गेलं का हो?” खुर्चीत टेकता टेकताच तिने विचारलं. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ३४, पाणीपुरवठ्यातली अभियंता, नऊ वर्षांचा अनुभव. जायचं होतं संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्यात.

करिअरचा सल्ला घ्यायला येणाऱ्यांकडून हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की उत्तर जिभेवरच असतं. मी सुरू झाले. संयुक्त राष्ट्रांत ‘पी’ ही व्यावसायिक पदांची श्रेणी. त्यातल्या पी-३ पदासाठी साधारण ५ वर्षांचा अनुभव मागतात, त्यावरच्या पी-४ साठी ७. म्हणजे उशीर कसला? आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवीही सगळीकडे लागत नाही. निर्वासितांच्या छावणीत वाटाघाटी करणारा जितका लागतो तितकाच पाण्याचा हिशेब मांडणाराही लागतो. फ्रेंच किंवा अरबी आली तर दारं जास्त उघडतात.

ती मान डोलवत होती, पण काहीच लिहून घेत नव्हती. ते मला खटकायला हवं होतं.

दुसऱ्या भेटीत उलगडलं. तिची निवड आधीच झाली होती! वर्षभराचा करार, पण ठिकाण ‘नॉन-फॅमिली’, म्हणजे कुटुंबाला सोबत नेता येत नाही. मुलगी ५ वर्षांची. घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. वयाचा प्रश्न ही पळवाट होती. मी “उशीर झाला” म्हटलं असतं तर निर्णय आपोआप टळला असता.

संयुक्त राष्ट्रांचे ब्राझिलियन अधिकारी सर्जिओ व्हिएरा द मेलो यांचा फोटो तिने फोनवर ठेवला होता. १९६९ मध्ये, २१ व्या वर्षी ते निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्तालयात लागले आणि २००३ च्या १९ ऑगस्टला बगदादच्या बॉम्बस्फोटात गेले. “असं झोकून देता येत नसेल तर आपण या कामाचे नाहीच ना?” तिने विचारलं.

झोकून देण्याबद्दल मी वाद घातला नाही. थोर माणसांशी स्वतःला मोजायला लागलं की बोलणं पुढे सरकत नाही. मी कॅलेंडर पुढे केलं. अवघड ठिकाणी ठिकाणानुसार ४, ६, ८ किंवा १२ आठवड्यांनी विश्रांतीची रजा मिळते. त्या तारखा भरायला सांगितल्या. मग मुलीचा वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस. तिसऱ्या महिन्यापाशी पेन थांबलं. बराच वेळ ती गप्प होती.

मग आम्ही ठिकाणांच्या वर्गवारीकडे वळलो. ‘एच’ म्हणजे मुख्यालयं आणि तशी सोयीची शहरं, पुढे ‘ए’ ते ‘ई’, ‘ई’ सर्वांत खडतर. त्यातली बरीच ठिकाणं कुटुंबासह राहण्याजोगी असतात आणि मुलांच्या शिक्षणासाठी अनुदानही असतं. हे तिला ठाऊकच नव्हतं. नोकरीची जाहिरात वाचताना लोक पदनाम वाचतात, ठिकाणाची ओळ नाही.

त्या रात्री ती नवऱ्याशी बोलली. तो रागावला, निवडीवर नाही, लपवण्यावर. तो करार तिने नाकारला.

दहा महिन्यांनी तिचा मेल आला. ‘सी’ वर्गातलं, कुटुंबासह राहता येणारं ठिकाण, दोन वर्षं. मला दोन प्रश्न विचारले होते. दोन्ही शाळेबद्दल.