सेनिओ नदी लहान असली, तरी राव्हेन्नाची जमीन समजून घ्यावी लागते

दुसऱ्या महायुद्धात नामदेव जाधव यांना ज्या सेनिओ नदीवरील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला, ती जेमतेम १५ फूट रुंद असताना जर्मन आणि दोस्त राष्ट्रांच्या फौजा तिच्यापाशी अख्खा हिवाळा कशा अडकून पडल्या, असे आपण विचारले आहे. याचे उत्तर राव्हेन्ना प्रांताच्या जमिनीत आहे.

उत्तर इटलीतील हा प्रांत अपेनाइन डोंगरापासून एड्रियाटिक समुद्रापर्यंत उतरत जातो. पायथ्याशी, रोमनांनी इ.स.पू. १८७ मध्ये बांधलेल्या व्हिया एमिलिया रस्त्यावर, झिलईदार मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले फाएन्झा आहे; त्याच्या उत्तरेला सगळी सपाटी. सेनिओ, लामोने या नद्या डोंगरातला गाळ घेऊन येतात, सपाटीवर वेग मंदावला की तो तळाशी बसतो, पात्र वर येते, आणि म्हणून काठावरच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध चढवत नेले. परिणामी कित्येक ठिकाणी नदी शेतांच्या वरून वाहते.

जर्मनांना आयती तटबंदी मिळाली ती हीच. सुमारे ३० फूट उंचीचे दोन उभे बांध, त्यांच्या पोटात खणलेली भुयारे, भोवती सुरुंग. ९ एप्रिल १९४५ रोजी नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव, मराठा पलटणीतील निरोप्या शिपाई, दोन जखमी सहकाऱ्यांना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे घेऊन आले. मग परत जाऊन त्यांनी तीन मशीनगनची ठाणी गप्प केली. हाताला जखम झाल्यावर टॉमीगन टाकून देऊन त्यांनी हातबॉम्ब वापरले, आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची रणघोषणा दिली.

याच चिखलाने राव्हेन्ना शहराचे भाग्यही ठरवले. रोमन सम्राट ऑगस्टसने जवळच क्लासे येथे आरमार ठेवले. पुढे भोवतालची दलदल हाच कोट, म्हणून सम्राट होनोरियसने ४०२ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इथे हलवली. त्या साम्राज्याचा शेवट करणारा ओडोआकर, त्याच्यानंतरचा गॉथ राजा थिओडोरिक आणि ७५१ पर्यंत बायझंटाइन (पूर्व रोमन) अधिकारी इथूनच कारभार पाहत होते. ५४९ मध्ये अभिषेक झालेले क्लासेचे भव्य चर्च मात्र आज समुद्रापासून काही किलोमीटर आत आहे, कारण गाळाने किनारा पुढे सरकवला. पर्यटक चर्चमधली मोझेक, म्हणजे रंगीत तुकड्यांची भित्तिचित्रे, पाहून परततात. माझ्या मते सान फ्रांचेस्को चर्चचे तळघर चुकवू नये. तिथे भूजल फरशीवर साचलेले असते आणि त्यात मासे फिरतात.

दलदल उपसून शेती करणाऱ्या इथल्या मजुरांनी १८८३ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी ते रोमजवळच्या ओस्तियाची दलदल उपसायला गेले. तरीही मे २०२३ मध्ये याच नद्यांचे बांध फुटले, आणि कोन्सेलिचे गावात पाणी बरेच दिवस तुंबून राहिले. शेतांहून उंचावरून वाहणाऱ्या नदीत ते आपणहून परत जाणार तरी कसे?