टाळूचा तुकडा न काढता, कोलॅजन लावून इम्प्लांटभोवतीची हिरडी वाढते का?

आपण निपाणीहून विचारले आहे की, आईंच्या खालच्या दाढेच्या जागी बसवलेल्या इम्प्लांटभोवती (जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या कृत्रिम मुळाभोवती) घट्ट हिरडी फारशी उरलेली नाही, ब्रश लागला की तिथे दुखते, आणि तोंडातल्या टाळूचा तुकडा काढून तिथे जोडण्याऐवजी डुकरापासून केलेले कोलॅजनचे (एका तंतुमय प्रथिनाचे) तयार पटल लावू असे डॉक्टर म्हणतात. तर ते तितकेच चांगले ठरेल का. मी बेळगावात हिरड्यांचे उपचार करतो आणि दोन्ही प्रकारच्या शस्त्रक्रिया करतो. आईंना तपासलेले नसल्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच, पण त्यामागचा विचार सांगता येईल.

नैसर्गिक दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा थर असतो आणि हिरडीतले तंतू त्यात रुतून बसतात. टायटॅनियमवर असा थर नसल्यामुळे तेथील तंतू इम्प्लांटला समांतर किंवा त्याच्याभोवती कड्यासारखे राहतात, त्यात रुतत नाहीत. त्यामुळे इम्प्लांटभोवती घट्ट, न हलणारी हिरडी असण्याला महत्त्व येते. तिची रुंदी दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर गालाचे सैल अस्तर प्रत्येक घासाबरोबर ओढले जाते, ब्रश टोचतो, म्हणून माणूस ती जागा घासणे टाळतो आणि तिथेच कीटण साचून सूज येते. आईंची तक्रार या वर्णनाशी जुळते. म्हणजे त्यांना बहुधा हिरडीची रुंदी हवी आहे. समोरच्या दातांत धातूची करडी छटा झाकण्यासाठी जी जाडी वाढवतात, ते काम वेगळे, आणि त्यासाठी वापरायचे पटलही वेगळे.

रुंदीच्या बाबतीत कोलॅजनची मर्यादा कुठे आहे, हे समजण्यासाठी १९७५ मधील एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. कारिंग, लँग आणि लो या संशोधकांनी माकडांवर दाखवून दिले की, वरचे अस्तर घट्ट होणार की सैल राहणार हे त्याखालची संयोजी ऊती, म्हणजे अस्तराखालचा तंतुमय थर, ठरवते. टाळूचा तुकडा ही सूचना स्वतःबरोबर घेऊन येतो. कोलॅजनच्या पटलात जिवंत पेशी नसतात. तो केवळ एक सच्छिद्र आधार असतो, ज्यात रक्त भरते, शेजारच्या हिरडीतल्या पेशी शिरतात आणि हळूहळू मूळ पटल विरघळून जाते. म्हणून शेजारी घट्ट हिरडीची निदान एक पट्टी असेल, तर पेशी तिथून येतात आणि निकाल चांगला मिळतो. पट्टीच नसेल, तर आत येणाऱ्या पेशी सैल अस्तराच्या असतात. माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत मी ही गोष्ट पुरेशी तोलली नाही. वेदना टाळण्याच्या इच्छेने कोलॅजन लावले, काही महिन्यांत ती जागा पुन्हा सैल झाली आणि शेवटी टाळूचाच तुकडा घ्यावा लागला. त्यांना दोनदा त्रास झाला, याची मला आजही खंत वाटते.

तरीही कोलॅजनचे फायदे खरे आहेत. टाळूवर दुसरी जखम होत नाही, तिथल्या रक्तस्रावाची आणि पुढचे एक-दोन आठवडे तिखट खाता न येण्याची अडचण राहत नाही, शस्त्रक्रियेचा वेळही वाचतो. मात्र जाडीचा विचार केला, तर टाळूच्या संयोजी ऊतीने सरासरी अधिक भर मिळते, असेच तुलनात्मक अभ्यासांतून दिसते. मी स्वतः खालच्या दाढेपाशी पट्टी अगदीच नसेल, तर आजही टाळूकडे वळतो.

डुकराच्या मूळाबद्दल आपल्या घरी संकोच असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. काही पटले गाईगुरांपासूनची, तर काही मानवी त्वचेपासूनची असतात, आणि मूळ कोणते ते वेष्टनावर लिहिलेले असते. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर आईंना ते मराठीत समजावून सांगेपर्यंत त्यांची सही घेऊ नये. त्यांचा तो हक्क आहे.

शेवटी, आपल्या भागात जे विचारल्याशिवाय राहवत नाही, तेही विचारतो: आई मशेरी लावतात का? निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात अनेक आजींना-मावशींना ही सवय असते आणि ती सांगायला त्या लाजतात. तंबाखूने रक्तपुरवठा कमी होतो आणि रक्ताशिवाय कोणतेही कलम, टाळूचे असो वा कोलॅजनचे, धरत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी काही आठवडे ती बंद हवी, मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी, आणि टाके निघेपर्यंत त्या जागी ब्रश न लावता डॉक्टरांनी दिलेल्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रावणाने चूळ भरावी. दुसरे मत हवेसे वाटले, तर बेळगावातील केएलई आणि मराठा मंडळ या दोन्ही दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे जाताना इम्प्लांटचा एक्स-रे सोबत न्यावा आणि घट्ट हिरडी किती मिलिमीटर उरली आहे, ते मोजून लिहून मागावे.