जीवसृष्टीला कोणता तारा मानवेल?

प्रश्न : कमाटीबागेतील तारांगणाचा कार्यक्रम पाहून परतताना माझ्या नातीने विचारले की, आकाशात दिसणाऱ्या ताऱ्यांपैकी कोणत्या ताऱ्याभोवती सजीव असू शकतील. पृथ्वीएवढे बरेच ग्रह लाल, मंद ताऱ्यांभोवती सापडल्याचे मी वाचले आहे. असे तारे जीवसृष्टीला अधिक अनुकूल असतात, असे समजावे काय?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : तसे समजू नये. लाल बटू ताऱ्यांभोवती असे ग्रह अधिक सापडतात, याचे मोठे कारण आपल्या शोधपद्धतीत आहे. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा, म्हणजे अधिक्रमणाच्या वेळी, ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. दूरवरून कोणी आपल्या सूर्याचे निरीक्षण करत असेल, तर पृथ्वीच्या अधिक्रमणामुळे त्याला जेमतेम ०.००८ टक्के घट दिसेल, आणि तीही वर्षातून एकदाच, सुमारे अर्ध्या दिवसापुरती. ट्रॅपिस्ट-१ या लाल बटूचा व्यास सूर्याच्या केवळ १२ टक्क्यांच्या आसपास आहे; तिथे पृथ्वीएवढा ग्रह अर्ध्या टक्क्याहून अधिक प्रकाश अडवतो आणि काही दिवसांतच पुन्हा समोर येतो. आपल्या दीर्घिकेतील सुमारे तीन चतुर्थांश तारे याच प्रकारचे असल्यामुळे यादीत त्यांच्या ग्रहांची गर्दी होणे स्वाभाविक आहे.

ज्या अंतरावर ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकते, त्या पट्ट्याला वसतियोग्य पट्टा म्हणतात. तारा जितका तेजस्वी, तितका हा पट्टा दूर सरकतो. व्याधाची तेजस्विता सूर्याच्या सुमारे २५ पट असल्याने त्याचा पट्टा पृथ्वी-सूर्य अंतराच्या पाचपट अंतरावर, म्हणजे आपल्याकडे जिथे गुरू आहे साधारण तिथे पडेल. याउलट सूर्याला सर्वांत जवळचा तारा असलेल्या प्रॉक्झिमा सेंटॉरीच्या पट्ट्यात २०१६ साली सापडलेला ग्रह ताऱ्याच्या इतका निकट आहे की, त्याचे वर्ष ११.२ दिवसांत संपते. मात्र ‘पट्ट्यात ग्रह सापडला’ एवढ्यावरून बातम्यांमध्ये ‘दुसरी पृथ्वी’ जाहीर होते, ते मला अजिबात पटत नाही. आपला चंद्रही सूर्यापासून पृथ्वीइतक्याच अंतरावर आहे, आणि तरीही त्याच्या पृष्ठभागावर एक ओहोळसुद्धा नाही.

अंतराइतकेच महत्त्व काळाला आहे. पृथ्वीवर एकपेशीय जीव निदान ३५० कोटी वर्षांपूर्वी होते, परंतु डोळ्यांना दिसतील असे प्राणी जेमतेम ६० कोटी वर्षांपूर्वी अवतरले. व्याधाचे एकूण आयुष्यच १०० कोटी वर्षांच्या आसपास आहे. मृग नक्षत्रातील राजन्य किंवा काक्षी यांच्यासारखे महाकाय तारे तर कोटीभर वर्षांतच संपतात, त्यामुळे त्यांचा विचारच करायला नको.

लाल बटूंचे आयुष्य लाखो कोटी वर्षांचे असू शकते, ही त्यांची मोठीच जमेची बाजू होय. तरीही त्यांच्याविषयी मला शंका वाटते, ती त्यांच्या बालपणामुळे. सूर्य सुमारे पाच कोटी वर्षांत स्थिरावला. ट्रॅपिस्ट-१सारख्या ताऱ्याला मात्र स्थिरावायला १०० कोटी वर्षांच्या आसपास काळ लागतो, आणि त्या काळात तो पुढच्यापेक्षा कितीतरी अधिक तेजस्वी असतो. आज वसतियोग्य पट्ट्यात दिसणारा ग्रह त्या प्रदीर्घ काळात भाजून निघालेला असतो. त्याच्या महासागरांची वाफ होऊन, अतिनील किरणांनी पाण्याचे रेणू तुटून हायड्रोजन अवकाशात निसटून गेलेला असू शकतो. पुढेही अशा ताऱ्यांवर प्रखर ज्वाला उसळत राहतात. २०१९ साली प्रॉक्झिमावर उसळलेल्या एका ज्वालेत त्याचे अतिनील तेज काही सेकंदांत सुमारे १४,००० पट वाढले होते. ग्रह इतका जवळ असल्याने त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याचाही मोठा संभव असतो. पण पुरेसे दाट वातावरण उष्णता अंधाऱ्या बाजूपर्यंत वाहून नेऊ शकते, म्हणून मी ती अडचण दुय्यम मानतो. खरा प्रश्न वातावरण टिकण्याचा आहे. ट्रॅपिस्ट-१च्या सात ग्रहांपैकी सर्वांत आतल्या ग्रहाचे तापमान जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने मोजले, तेव्हा उजेडाच्या बाजूला सुमारे २३० अंश सेल्सिअस भरले आणि दाट वातावरणाची खूण आढळली नाही. त्याच ताऱ्याच्या पट्ट्यातील ग्रहांचा निवाडा मात्र अजून व्हायचा आहे.

ग्रहाची स्वतःची घडणही तितकीच निर्णायक असते. हरितगृह परिणाम नसता, तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश राहिले असते; शुक्रावर तोच परिणाम अनावर होऊन तापमान ४६० अंशांवर गेले आहे. पृथ्वीवर पावसाच्या पाण्याने खडकांची झीज होताना हवेतील कार्बन डायऑक्साइड खनिजांत बांधला जातो आणि ज्वालामुखी तो पुन्हा हवेत सोडतात. हवा तापली की झीज वाढते, थंडावली की कमी होते. सूर्य आरंभी आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद असूनही पृथ्वीवर पाणी द्रवरूप राहिले, त्यात या चक्राचा मोठा वाटा मानला जातो. मंगळ लहान असल्याने आतून लवकर निवला, त्याचे चुंबकीय क्षेत्र लोपले आणि बहुतांश वातावरण निसटून गेले.

या सर्व गोष्टी ध्यानात घेता, सूर्यापेक्षा थोडे लहान, नारिंगी रंगाचे तारे मला सर्वांत आश्वासक वाटतात. त्यांचे आयुष्य सूर्याच्या दुपटीहून अधिक असते, लाल बटूंच्या मानाने ते लवकर स्थिरावतात, आणि त्यांचा वसतियोग्य पट्टा ताऱ्याला फार चिकटलेला नसतो.

आपल्या नातीला आता नेमके उत्तर देता येईल. नुसत्या डोळ्यांना एकही लाल बटू दिसत नाही, आणि ठळक ताऱ्यांपैकी बरेचसे अल्पायुषी किंवा फुगलेले आहेत. परंतु शहराच्या दिव्यांपासून दूर गेल्यास, हिवाळ्याच्या आरंभी दक्षिणेकडे तिमिंगल तारकासमूहातील टाऊ सेटी हा सूर्याहून थोडा लहान तारा तिला दाखवता येईल. तो १२ प्रकाशवर्षे दूर आहे. पावसाळा सरल्यावर हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाचा नारिंगी जोडतारा, ११.४ प्रकाशवर्षांवरचा, अंधाऱ्या आकाशात अंधूकसा दिसतो. अशा ताऱ्यांभोवतीच्या पृथ्वीएवढ्या ग्रहांचा शोध अतिशय कठीण आहे, कारण त्यासाठी ग्रहाच्या ओढीने होणारे ताऱ्याचे डुलणे मोजावे लागते, आणि पृथ्वीच्या ओढीने सूर्य सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर वेगाने मागेपुढे डुलतो. अबूच्या पहाडावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे ‘पारस’ हे उपकरण ताऱ्यांचे असेच डुलणे मोजते. २०१८ साली त्याच्या साहाय्याने पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाचा एक ग्रह सापडल्याचे जाहीर झाले.