उत्तर: पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजला वायरलेस अमोनिया अलार्म घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षाचं पॅकहाऊस, त्याला लागून अमोनियावर चालणारं कोल्ड स्टोरेज. व्हेंडरनं सहा वायरलेस स्टेशन (गॅस मोजून रेडिओनं कळवणारे डबे), एक गेटवे (त्यांचे निरोप गोळा करणारा डबा) आणि एक हूटर असं कोटेशन दिलंय, वर 'बॅटरी पाच वर्षं, मेंटेनन्स काहीच नाही' असं तोंडी सांगितलंय. वायरलेस घ्यावं का, कुठं बसवावं आणि पुढं बघायचं कुणी?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर नसेल तर पहिल्या दोघांना अर्थ नाही.

वायरलेसमुळं वाचते ती केबल. ट्रे, कंड्यूट, ग्लँड, पफ पॅनलला (फोम भरलेल्या पत्र्याच्या भिंतींना) पाडायची भोकं, चालू प्लांटमध्ये वायरमनची आठवडाभर धावपळ, हे सगळं वाचतं आणि ती बचत खरी आहे. पण डब्याच्या तोंडाशी बसलेला, गॅस ओळखणारा सेल (बॅटरीचा नव्हे) वायरवाल्या डिटेक्टरमध्ये असतो तोच. अमोनियाचा इलेक्ट्रोकेमिकल सेल म्हणजे खपणारी वस्तू. आत इलेक्ट्रोलाइट असतं, गॅस लागला की रासायनिक क्रिया होते आणि सेलचं आयुष्य तेवढं कमी होतं. कंप्रेसर रूममध्ये व्हॉल्व्हच्या कुठल्या तरी ग्लँडमधून थोडा वास कायम येत असेल तर डेटाशीटवरची दोन वर्षं विसरा. आणि मेलेला सेल स्क्रीनवर शून्य दाखवतो. हवा स्वच्छ असली तरी स्क्रीनवर शून्यच. काही स्टेशन सेलची इलेक्ट्रॉनिक तपासणी स्वतः करतात, पण जाळीवर साचलेला तेलकट थर किंवा कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घरटं त्या तपासणीत दिसत नाही. गॅस आत जातोय का, हे खरा गॅस सोडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून बंप टेस्ट, म्हणजे खरा गॅस थोडा सोडून अलार्म लागतो का ते बघणं. अमोनियाच्या कॅलिब्रेशन गॅसचा छोटा सिलिंडर, त्याला ठरावीक फ्लोचा रेग्युलेटर (बहुतेक ठिकाणी मिनिटाला अर्धा लिटर, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा), हेडवर (सेल असलेल्या तोंडावर) बसणारा कप आणि मधली नळी. नळी टेफ्लॉनची घ्या. साध्या रबरी नळीला अमोनिया चिकटतो, आकडा वर चढायला वेळ लागतो आणि माणूस उगाच सेलला शिव्या घालतो. गॅस सोडल्यावर आकडा कुठपर्यंत गेला यासोबत किती वेळात गेला तेही बघा. मागच्या महिन्यापेक्षा रेंगाळत असेल तर सेल किंवा फिल्टर बदलायची वेळ जवळ आली. अलार्म लागला, गेटवेवर दिसला, हूटर वाजला, इथपर्यंत सगळी साखळी तपासा, नाहीतर अर्धीच टेस्ट झाली. सिलिंडरवरची एक्स्पायरी वाचा. अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड यांसारखे गॅस सिलिंडरमध्ये फार काळ टिकत नाहीत, आणि कमजोर गॅसनं स्पॅन केलं (सिलिंडरवरच्या आकड्याशी सेल जुळवला) की तुम्ही चांगल्या सेलला खोटं बोलायला शिकवता.

जुने ऑपरेटर गंधकाची वात पेटवून फ्लँज-ग्लँड तपासतात, गळती असली की पांढरा धूर उठतो. लीक शोधायला पद्धत उत्तम आहे. पण तीच वात हेडखाली धरून 'बघा, वाजलं' म्हणणारेही भेटलेत. त्यातून निघतो सल्फर डायऑक्साइड, तोही किती प्रमाणात ते कुणालाच ठाऊक नाही, आणि सेलची वाट लागू शकते ती वेगळीच. अमोनियाच्या बाटलीचं बूच उघडून हेडला हुंगवणं याच जातीतलं.

हे काम कंप्रेसर ऑपरेटरकडे द्या. व्हेंडर वर्षातून दोनदा येणार, सेल मधे मेला तर त्याला काय कळणार? डिसेंबरात, माल यायच्या आधी, पूर्ण कॅलिब्रेशन. जानेवारी ते एप्रिल दर महिन्याला बंप टेस्ट आणि रजिस्टरला सही. एप्रिलनंतर प्लांट बंद म्हणून स्टेशनं बंद करू नका. रिसिव्हरमध्ये (द्रव अमोनियाच्या टाकीत) अमोनिया पावसाळाभर असतोच, आणि तेव्हा आवारात वॉचमनशिवाय कुणी नसतं.

आता वायरलेस की वायर. माझं मत: कंप्रेसर रूमला वायर, बाकी सगळीकडे वायरलेस. कंप्रेसर रूममध्ये पॅनल दहा पावलांवर आहे, केबल वाचून काय वाचणार? शिवाय एक्झॉस्ट फॅन सुरू करणं, प्लांट ट्रिप करणं ही कामं डिटेक्टरकडून करवायची असतील तर ती थेट रिलेवर असू द्या. वायरलेस स्टेशन बॅटरी वाचवायला मधे मधे झोपतं. 'पाच वर्षं' हा आकडा दर किती सेकंदांनी गॅस मोजून आणि दर किती मिनिटांनी निरोप पाठवून काढलाय, हे व्हेंडरकडून लेखी घ्या. गॅस वाढला की लगेच कळवतं की पुढच्या फेरीपर्यंत थांबतं, हेही विचारा. शून्याच्या आसपासच्या चेंबरमध्ये लिथियम बॅटरीसुद्धा खोलीतल्याइतकी चालत नाही, ते आणखी वेगळं.

वायरलेस खरं उपयोगी पडतं ते चेंबरमध्ये, बाहेरच्या रिसिव्हरपाशी, छतावरच्या कंडेन्सरकडे. पण तिथं रेडिओची परीक्षा असते. पफ पॅनलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, म्हणजे प्रत्येक चेंबर हा लोखंडी पेटारा. व्हेंडर ऑक्टोबरमध्ये येऊन, दारं उघडी, चेंबर रिकामे, अशा अवस्थेत सिग्नल दाखवतो आणि सगळे खूष होतात. फेब्रुवारीत तिथं छतापर्यंत द्राक्षाचे पॅलेट लागतात. द्राक्ष म्हणजे बहुतांश पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाणी पिऊन टाकतं. सर्व्हे भरलेल्या चेंबरमध्ये, दार बंद करून घ्या. ते जमत नसेल तर चेंबरच्या आत फक्त सेन्सर हेड ठेवा, छोटी केबल पॅनलमधून बाहेर काढा आणि ट्रान्समीटर कॉरिडॉरमध्ये लावा. बॅटरीलाही थंडी लागत नाही. अँटेना उभी हवी, पाइपाला किंवा पत्र्याला चिकटलेली नको. मेश सिस्टीम (स्टेशनं एकमेकांचे निरोप पुढं देतात ती) असेल तर प्रत्येक स्टेशनला किमान दोन शेजारी दिसले पाहिजेत.

बँड तपासा. आपल्याकडे विनापरवाना वापरायला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ हे पट्टे आहेत. स्वस्तात मिळणारी अमेरिकन ९१५ मेगाहर्ट्झची स्टेशनं इथं चालवायची परवानगी नाही. युरोपवाल्या लोराचे (लांब पल्ल्याच्या, कमी बॅटरी खाणाऱ्या रेडिओचे) नेहमीचे चॅनल ८६८ च्या थोडे वर पडतात, तेव्हा 'इंडिया सेटिंग' केलंय का ते विचारा आणि डब्ल्यूपीसीचं (केंद्राच्या रेडिओ परवाना विभागाचं) ईटीए, म्हणजे उपकरण मंजुरीचं प्रमाणपत्र मागा.

गेटवे आणि रिपीटर यूपीएसवर. महावितरणची लाइन गेली की सिस्टीम आंधळी होणार असेल तर घेऊन उपयोग काय? हस्तांतर घेताना एका स्टेशनची बॅटरी काढा आणि घड्याळ लावून बघा, 'संपर्क तुटला' हा फॉल्ट किती वेळात येतो. काही सॉफ्टवेअर जुनाच आकडा हिरव्या रंगात दाखवत बसतात. असं दिसलं तर तिथंच पैसे अडवा.

जागा. 'अमोनिया हलका, म्हणून हेड छताला' हे अर्धंच खरं. वायू हलका आहेच, म्हणून कंप्रेसर रूममध्ये छताजवळ एक हेड हवंच. पण द्रव बाहेर आला तर त्याचं थंडगार धुकं होतं आणि ते जमिनीलगत सरपटतं. बरेच अपघात ऑइल ड्रेन करताना (सिस्टीममध्ये साचलेलं तेल काढताना) होतात, तेव्हा ते तेल जिथून काढतात त्या ड्रेन पॉटजवळ माणसाच्या नाकाच्या उंचीला दुसरं हेड लावा. चेंबरमध्ये हेड कूलिंग कॉइलच्या परतीच्या हवेत लावा, पंख्याच्या थेट झोतात नको, दाराच्या चौकटीतही नको. दारापाशी बाहेरची दमट हवा आत येते, जाळीवर पाणी धरतं आणि अमोनिया त्या पाण्यातच विरघळून बसतो. आकडा उशिरा येतो. हेडचं तोंड खाली, वर स्प्लॅश गार्ड, आणि धुलाईचा पाइप मारणाऱ्या पोराला एकदा हाताला धरून दाखवून ठेवा. उंचावरच्या हेडला कॅलिब्रेशनची नळी खालपर्यंत आणून ठेवा. शिडी लागते तिथं टेस्ट होत नाही, फक्त सही होते.

एक गोष्ट आपल्या द्राक्षवाल्यांपुरती: पेट्यांमध्ये घालतो ते ग्रेप गार्डचे पॅड सोडियम मेटाबायसल्फाइटचे असतात आणि सल्फर डायऑक्साइड सोडतात. सेलच्या डेटाशीटमध्ये क्रॉस-सेन्सिटिव्हिटीचा (दुसऱ्या गॅसनं आकडा किती बिघडतो याचा) तक्ता असतो, त्यात हा गॅस काय करतो ते खरेदीआधी बघा.

अलार्मचे आकडे: कारखाना अधिनियम, १९४८ (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेनं घेतली) च्या दुसऱ्या अनुसूचीत अमोनियाची मर्यादा आठ तासांसाठी २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आणि पंधरा मिनिटांसाठी ३५ पीपीएम दिली होती. पहिला अलार्म २५, दुसरा ३५ ठेवा. ३०० पीपीएमला जिवाला तात्काळ धोका धरतात. कोटेशनमधली ० ते १०० रेंज माणसांसाठी ठीक आहे, पण मोठ्या गळतीत ती शंभरावर चिकटून बसेल. कंप्रेसर रूमला जास्त रेंजचा एक वेगळा डिटेक्टर घ्या. अमोनिया हवेत साधारण १५ टक्क्यांच्या पुढं पेटूही शकतो, आणि ते मोजणं पीपीएमवाल्या सेलचं काम नाही.

एक हूटर पुरणार नाही. पॅकिंग हॉलमध्ये सीझनला पेठ-सुरगाण्याकडच्या बायका मोठ्या संख्येनं असतात, ग्रेडिंग लाइनच्या आवाजात बाहेरचा हूटर त्यांना ऐकू येत नाही. हॉलमध्ये वेगळा हूटर, दिवा, छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी, आणि आधी वाऱ्याला आडवं आणि मग वारा येतो त्या बाजूला पळायचं हे पहिल्याच दिवशी सांगा. मालकाच्या मोबाइलवर मेसेज ही सोय चांगली आहे, पण मालक गंगापूर रोडला झोपलेला असताना तिच्यावर विसंबू नका.

खाली दिंडोरीच्या एका सदस्यानं विचारलंय की वाइनरीच्या फर्मेंटेशन हॉलला ऑक्सिजन मीटर आहे, वेगळा कार्बन डायऑक्साइड सेन्सर कशाला? हिशोब करा. हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला, म्हणजे जिवाला धोक्याची पातळी आली, तरी ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम २० वर येतो. मीटरचा अलार्म १९.५ ला. तो वाजेपर्यंत कार्बन डायऑक्साइड साडेसहा टक्क्यांच्या पुढं गेलेला असतो. इन्फ्रारेड सेन्सर घ्या आणि तो टाक्यांच्या खालच्या अंगाला, ड्रेनच्या खळग्याजवळ लावा, कारण हा गॅस हवेच्या दीडपट जड आहे. अंबड-सातपूरच्या पेंट शॉप आणि एलपीजीवाल्यांनी मात्र आधी झोन (स्फोटाच्या धोक्याचा वर्ग) कुठला ते ठरवावं आणि पेसोची (केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेची) मान्यता संपूर्ण स्टेशनला, बॅटरी-अँटेनासकट आहे का ते बघावं. तिथं सिलिकॉन स्प्रे वापरत असाल तर कॅटॅलिटिक सेन्सर (पेटणारा गॅस तापलेल्या मण्यावर जाळून मोजणारा) मरतो, हेही लक्षात ठेवा.

कोटेशनमध्ये आणखी चार ओळी लिहून घ्या: सुटा सेल किती रुपयांना आणि नाशिकला किती दिवसांत मिळेल, कॅलिब्रेशन किट किमतीत धरलंय का, बॅटरी बाजारात मिळते की त्यांच्याकडूनच घ्यावी लागते, आणि सॉफ्टवेअरचं वार्षिक भाडं किती. या शेवटच्या ओळीवरच बरेच जण फसतात. कोटेशनचा फोटो टाकलात तर बँड आणि सेलची रेंज बघून सांगतो.